आपल्या लॅपटॉपवर मूडल: प्लगइन लिहिण्याआधीची मांडणी

मूडल म्हणजे अभ्यासक्रम, चाचण्या आणि गुण ऑनलाइन सांभाळणारी प्रणाली, आणि प्लगइन म्हणजे तिला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम. कॉलेजच्या चालू मूडलवर प्लगइन तपासून बघणे म्हणजे भरल्या वर्गात छताचा पंखा खोलणे. चाचणी सुरू असताना एक अर्धविराम चुकला की पन्नास जणांसमोर कोरे पान येते. म्हणून पहिले काम एकच: आपल्या मशीनवर आपले स्वतःचे मूडल उभे करायचे. ते मोडले, पुसले, पुन्हा उभारले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

मूडल पीएचपीमध्ये लिहिलेले आहे आणि त्याचा परवाना मुक्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केले आणि १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. आयआयटी मुंबईपासून अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांपर्यंत ते वापरात आहे. तेव्हा हे शिकलेले वाया जाण्याची भीती नाही.

इथे विंडोजचा लॅपटॉप, त्यात डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय), त्यावर उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आणि मूडल ४.५ अशी जोडी धरली आहे. रॅम ८ जीबी असली तरी चालते, डिस्कवर १० जीबी मोकळी जागा ठेवा. कमांड आणि फाइलींची नावे खाली देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमनमध्ये आणि आकडेही इंग्रजीच टाइप करायचे, आणि वेगळे सांगितले नसेल तर सगळी अक्षरे लहान.

आवृत्त्यांचा मेळ आधी बसवा

निम्म्या अडचणी इथेच तयार होतात. मूडल ४.५ ऑक्टोबर २०२४ मध्ये आले. ती दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या तीन वर्षे मिळतात. तिला पीएचपी ८.१ ते ८.३ लागते, ८.४ चालत नाही. डेटाबेस मारियाडीबी असेल तर किमान १०.६.७, पोस्टग्रेस असेल तर किमान १३. उबुंटू २४.०४ मध्ये पीएचपी ८.३ आणि मारियाडीबी १०.११ आपोआप येतात, म्हणून ही जोडी निवडली.

झॅम्प (अपाची, मारियाडीबी आणि पीएचपी एकत्र बसवणारे पॅकेज) का नाही, हा प्रश्न हमखास येतो. झॅम्पच्या पीएचपी ८.२ च्या पॅकेजमध्ये मारियाडीबी १०.४ असते. मूडल तपासणीच्या पानावरच लाल खूण दाखवून थांबते. डेटाबेस वेगळा बसवून मार्ग निघतो, पण एवढा खटाटोप करायचाच असेल तर थेट लिनक्सवर केलेला बरा. पुढे सर्व्हरवरही बहुधा तेच भेटणार आहे.

मूडल ५.१ पासून वेब सर्व्हरला कोडच्या आतले पब्लिक नावाचे फोल्डर दाखवावे लागते. इंटरनेटवरचे जुने लेख ५.१ ला आणि नवे लेख ४.५ ला लावू नका.

लिनक्स आणि पॅकेजेस

पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही कमांड द्या:

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

मशीन रीस्टार्ट केल्यावर उबुंटू युजरनेम आणि पासवर्ड विचारते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी तो घेतला जात असतो. व्हर्च्युअलायझेशनबद्दल एरर आली तर ते बायोसमध्ये जाऊन चालू करावे लागते. उबुंटूची कुठली आवृत्ती बसली हे एकदा बघून घ्या.

आता उबुंटूच्या टर्मिनलमध्ये सुडो एपीटी अपडेट (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने), आणि मग सुडो एपीटी इन्स्टॉलने ही पॅकेजेस घ्या: अपाची२ (वेब सर्व्हर), मारियाडीबी-सर्व्हर, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे), पीएचपी, लिबअपाची२-मॉड-पीएचपी, आणि पीएचपी- हा उपसर्ग लावून मायएसक्यूएल, इंटल, जीडी, झिप, एक्सएमएल, कर्ल, एमबीस्ट्रिंग, सोप. सोडियम हे एक्स्टेन्शनही मूडलला लागते, पण ते उबुंटूच्या पीएचपीत मुळातच असते.

विंडोजच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडून बघा. अपाचीचे पान दिसले की झाले. त्याऐवजी विंडोजच्या आयआयएसचे निळे पान किंवा झॅम्पचा डॅशबोर्ड दिसला, तर ८० नंबरचा पोर्ट त्यांनी आधीच धरून ठेवला आहे. ते बंद करा.

तीन जागा

मूडलमध्ये तीन गोष्टी तीन ठिकाणी राहतात, आणि हे नीट कळले की पुढच्या बहुतेक एरर वाचताच उलगडतात. पहिली जागा कोडची: त्यात फक्त प्रोग्रॅम असतो. दुसरी डेटाबेसची: अभ्यासक्रम, विद्यार्थी, गुण, सेटिंग. तिसरी मूडलडेटा नावाच्या फोल्डरची: अपलोड झालेल्या फाइली, कॅशे, सेशन, भाषेची पॅकेजेस.

मूडलडेटाच्या आत फाइलडिर उघडलेत तर ओळखीचे एकही नाव दिसणार नाही. प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून काढलेल्या शा-१ हॅशच्या नावाने ठेवलेली असते. एकच पीडीएफ दहा अभ्यासक्रमांत टाकली तरी डिस्कवर ती एकदाच राहते. तिचे खरे नाव आणि ती कुठे लावली आहे हे डेटाबेसला माहीत असते. म्हणूनच नुसत्या डेटाबेसचा किंवा नुसत्या मूडलडेटाचा बॅकअप म्हणजे किल्लीविना कुलूप. दोन्ही एकाच वेळी घ्यायचे.

कोड ठेवण्यासाठी /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल/मूडल हे फोल्डर सुडो लावून तयार करा आणि चोन (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) कमांडने त्याची मालकी स्वतःच्या युजरकडे घ्या. आपल्या होम फोल्डरमध्ये कोड ठेवण्याचा मोह होतो. पण उबुंटू होम फोल्डर इतरांना बंद ठेवते, अपाची आत शिरू शकत नाही आणि ४०३ (परवानगी नाही) दिसतो. विंडोजच्या सी ड्राइव्हवर, म्हणजे /एमएनटी/सी खाली, तर मुळीच ठेवू नका. दोन फाइल सिस्टिममधला पूल ओलांडून हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात आणि प्रत्येक पान रखडते. “मूडल फार स्लो आहे” या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते.

त्या फोल्डरमध्ये जाऊन कोड घ्या (शेवटचा टिंब म्हणजे “इथेच”):

गिट क्लोन -बी मूडल_४०५_स्टेबल --सिंगल-ब्रँच एचटीटीपीएस://गिटहब.कॉम/मूडल/मूडल.गिट .

ब्रँचचे (कोडच्या शाखेचे, इथे मूडल_४०५_स्टेबल) नाव मात्र पूर्ण कॅपिटलमध्ये. नेट मंद असेल तर --डेप्थ १ जोडा. फक्त ताजी अवस्था उतरते. मग कुठली ओळ कोणी कधी बदलली हा इतिहास मिळत नाही, पण तो नंतर --अनशॅलो लावून आणता येतो.

मूडलडेटा एचटीएमएल फोल्डरच्या बाहेर, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/मूडलडेटा असे करा आणि त्याची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरला द्या. अपाची त्याच नावाने चालते. हे फोल्डर एचटीएमएलच्या आत ठेवले तर विद्यार्थ्यांच्या फाइली लॉगिनशिवाय ब्राउझरमधून उघडण्याचा धोका असतो. आपल्या लॅपटॉपवर ते चालून जाईल, पण हाताला लागलेली सवय सर्व्हरवरही तशीच जाते.

डेटाबेस

सुडो मारियाडीबी या कमांडने आत शिरा. मूडल नावाचा डेटाबेस तयार करा. कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आणि कोलेशन यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय. मग एक युजर, त्याला पासवर्ड आणि या डेटाबेसवरचे सगळे अधिकार. रूट युजर मूडलला देऊ नका. उबुंटूवर तो पासवर्डने लॉगिन होऊ देत नाही आणि जोडणीची एरर शोधण्यात संध्याकाळ जाते.

एमबी४ कशाला? मायएसक्यूएल घराण्यातला जुना यूटीएफ८ एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी तीन बाइटमध्ये मावते, म्हणून मराठी मजकूर टाकून बघणाऱ्याला सगळे छान वाटते. मग एखादी विद्यार्थिनी चर्चेत इमोजी टाकते, त्याला चार बाइट लागतात आणि तिची नोंद सेव्हच होत नाही.

पीएचपीच्या दोन फाइली

इथे नवखे हमखास अडकतात. /ईटीसी/पीएचपी/८.३ खाली अपाची२ आणि सीएलआय अशी दोन फोल्डर असतात आणि दोन्हींत स्वतंत्र पीएचपी.आयएनआय असते. ब्राउझरमधून येणारी पाने पहिली वाचतात, टर्मिनलमधून चालवलेल्या कमांड दुसरी. एकच बदलली तर ब्राउझरमध्ये हिरवी खूण आणि टर्मिनलवर एरर, किंवा उलटे.

दोन्हींत मॅक्स_इनपुट_व्हार्स ५००० करा आणि ओळीच्या सुरुवातीचा अर्धविराम काढा, नाहीतर ती ओळ नुसती टीप राहते. मूळ आकडा १००० असतो. गुणपत्रकासारख्या मोठ्या फॉर्ममध्ये त्यापलीकडचे रकाने पीएचपी टाकून देते. म्हणून मूडल ५००० शिवाय पुढे जाऊच देत नाही.

अपाचीच्या फाइलीत अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ (मूळ २ एमबी) आणि पोस्ट_मॅक्स_साइझ (मूळ ८ एमबी) हे दोन्ही ६४ एमबी करा. पहिला वाढवून दुसरा विसरला तर मोठी फाइल चढतच नाही. नंतर सुडो सर्व्हिस अपाची२ रीस्टार्ट. हे केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

कॉन्फिग फाइल आणि इन्स्टॉल

ब्राउझरमधला विझार्ड वापरता येतो, पण हाताने भरलेली फाइल जास्त समजते. कोडच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग-डिस्ट.पीएचपी असते, तिची प्रत कॉन्फिग.पीएचपी नावाने करा आणि यातले मुद्दे बदला:

डीबीटाइप: नमुन्यात पीजीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेस असते. तिथे मारियाडीबी लिहा. मायएसक्यूएलआय लिहू नका. दोन्ही जवळचे असले तरी मूडल त्यांना वेगळे ड्रायव्हर मानते.

डीबीनेम, डीबीयुजर, डीबीपास: आत्ता तयार केलेले.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट: एचटीटीपी://लोकलहोस्ट/मूडल. शेवटी तिरकी रेघ नको. ब्राउझरमध्येही हाच पत्ता टाइप करायचा. १२७.०.०.१ टाकून आत जाऊ पाहिले तर मूडल तुम्हाला ठरलेल्या पत्त्यावर ढकलते, कारण प्रत्येक लिंक याच एका ओळीवरून तयार होते.

डेटारूट: /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/मूडलडेटा.

फाइलीच्या तळाशी लिब/सेटअप.पीएचपी बोलावणारी ओळ आहे. तुमची कोणतीही सेटिंग तिच्या वर हवी. खाली लिहिलेली सेटिंग वेळेवर पोचत नाही. पीएचपीची शेवटची बंद खूणही या फाइलीत मुद्दाम दिलेली नाही. ती घालू नका, तिच्यामागची एक मोकळी जागासुद्धा पानात मिसळते.

आता इन्स्टॉल:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा पीएचपी ॲडमिन/सीएलआय/इन्स्टॉल_डेटाबेस.पीएचपी --ॲग्री-लायसन्स

त्याच ओळीत ॲडमिनपास, ॲडमिनईमेल, फुलनेम, शॉर्टनेम हे पर्यायही द्या. टेबले तयार होताना लांबलचक यादी सरकत जाते. संपल्यावर लोकलहोस्ट/मूडल उघडा आणि ॲडमिन नावाने लॉगिन करा. पासवर्ड विसरलात तर त्याच फोल्डरमधली रीसेट_पासवर्ड.पीएचपी आहे.

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा तुकडा गाळू नका. टर्मिनलवरच्या कमांड नुसत्या सुडोने चालवल्या तर मूडलडेटात रूटच्या मालकीची फोल्डर तयार होतात, अपाचीला त्यांत लिहिता येत नाही आणि काल चालणारी साइट आज “फोल्डर तयार करता येत नाही” म्हणून रुसते. उपाय सोपा आहे: मूडलडेटाची मालकी -आर (हे कॅपिटल) लावून पुन्हा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला द्या. सगळ्यांना सगळे अधिकार देणारा ७७७ हा लोकप्रिय तोडगा दुखणे झाकतो, बरे करत नाही.

डेव्हलपरची सेटिंग

सुरुवातीची मांडणी चालू साइटसाठी असते: चुका लपवते, कॅशे जपून ठेवते. तुम्हाला नेमके उलटे हवे. कॉन्फिगमध्ये, त्या शेवटच्या ओळीच्या वर, सीएफजीखाली (हे कॅपिटलमध्ये) हे लिहा: डीबग ला ई_ऑल (हेही कॅपिटलमध्ये), डीबगडिस्प्ले ला १, कॅशेजेएस ला फॉल्स, लँगस्ट्रिंगकॅशे ला फॉल्स. थीमवर काम करत असाल तेव्हाच थीमडिझायनरमोड ला ट्रू. ते चालू असताना सगळी स्टाइल पुन्हा पुन्हा तयार होते आणि साइट गोगलगाय होते.

आणखी एक ओळ: नोईमेलएव्हर ला ट्रू. ही गंमत नाही. चालू साइटचा डेटाबेस लॅपटॉपवर आणून क्रॉन (ठरलेली कामे वेळोवेळी उरकणारी स्क्रिप्ट) चालवला आणि मेल पाठवण्याची सोय त्या मशीनवर असली, तर जुन्या सूचना खऱ्या विद्यार्थ्यांना जातात. खरे तर विद्यार्थ्यांची खरी माहिती लॅपटॉपवर आणूच नये. त्याची गरजही पडत नाही, कारण मूडल स्वतःच नकली अभ्यासक्रम बनवून देते. डेव्हलपर पातळीचे डीबग चालू असले की साइट ॲडमिनिस्ट्रेशनच्या डेव्हलपमेंट भागात चाचणी अभ्यासक्रम तयार करण्याचे पान असते. एस आकार साधारण १० एमबीचा असतो आणि अर्ध्या मिनिटात होतो. एम १०० एमबीचा. एल १ जीबीचा असून अर्धा तास खातो. पुढच्या आकारांना हात लावू नका, एक्सएक्सएल २० जीबीपर्यंत जातो.

क्रॉन चालू साइटवर दर मिनिटाला लागतो. लॅपटॉपवर तो हाताने चालवलेला चांगला, कारण तुमचे काम कधी धावले हे डोळ्यांसमोर दिसते: तीच सुडो -यू ची सुरुवात आणि पुढे ॲडमिन/सीएलआय/क्रॉन.पीएचपी. टर्मिनल परत मिळायला वेळ लागत असेल तर --कीप-अलाइव्ह=० जोडा.

कोड बदलला तरी पान तेच दिसत असेल तर आधी त्याच फोल्डरमधली पर्ज_कॅशेस.पीएचपी चालवा, मग डोके खाजवा.

मराठी लावताना

साइट ॲडमिनिस्ट्रेशन, जनरल, लँग्वेज, लँग्वेज पॅक्स या पानावर मराठीचा कोड एमआर निवडा. पॅकेज उतरते ते कोडमध्ये नाही, मूडलडेटाच्या लँग फोल्डरमध्ये. भाषांतर पूर्ण नाही. जे नाही ते इंग्रजीत दिसते, त्यात तुमची चूक नाही. शब्द खटकला तर लँग्वेज कस्टमायझेशनमधून बदला. तो बदल एमआर_लोकल मध्ये वेगळा राहतो आणि पॅकेज अद्ययावत झाले तरी पुसला जात नाही.

विद्यार्थ्यांची यादी सीएसव्हीतून आणताना नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर दोष मूडलचा नसून एक्सेलचा असतो. सेव्ह करताना साधे सीएसव्ही न निवडता यूटीएफ-८ असलेले निवडा. युजरनेम मात्र रोमन लहान अक्षरांतच ठेवा.

पीडीएफ हे खरे दुखणे. मूडल त्यासाठी टीसीपीडीएफ ही लायब्ररी वापरते आणि तिला देवनागरीची जुळणी येत नाही. फॉन्ट बरोबर असला तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. मराठी प्रमाणपत्र देणारे प्लगइन लिहायचे असेल तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करा.

पहिले प्लगइन

लोकल फोल्डरमध्ये नमस्कार नावाचे फोल्डर, नाव रोमन लहान अक्षरांत. आत व्हर्जन.पीएचपी. तिच्यात तीन ओळी: कॉम्पोनंट म्हणजे लोकल_नमस्कार, व्हर्जन म्हणजे दहा आकडी तारीख (जसे २०२५०६०१००) आणि रिक्वायर्स म्हणजे २०२४१००७००, जो मूडल ४.५ चा आकडा आहे. मग लँग/ईएन/लोकल_नमस्कार.पीएचपी, त्यात प्लगइननेम ही स्ट्रिंग. ही इंग्रजी फाइल मराठी प्लगइनलाही लागते. मराठीची फाइल तिच्या शेजारी लँग/एमआर मध्ये ठेवता येते.

ॲडमिन/सीएलआय/अपग्रेड.पीएचपी चालवा, किंवा ॲडमिन म्हणून साइट उघडा. मूडल स्वतःच नवे प्लगइन ओळखून परवानगी मागते. फोल्डरचे नाव आणि कॉम्पोनंट यांत एका अक्षराचा फरक असला तर इथेच अडते. पुढे टेबलांत किंवा अधिकारांत बदल केला की व्हर्जनचे शेवटचे दोन आकडे वाढवायचे. न वाढवता “बदल लागू होत नाही” म्हणून तासभर शोधत बसणे हा जणू दीक्षाविधीच आहे.

आकडा वाढवता येतो, मागे नेता येत नाही. ४.५ चा डेटाबेस ५.० ला जोडून अपग्रेड झाला की गिटने ब्रँच मागे घेतली तरी मूडल चालायला नकार देते. प्रत्येक ब्रँचला वेगळा कोड, वेगळा डेटाबेस आणि वेगळे मूडलडेटा ठेवा.

एवढ्या जोड्या सांभाळायचा कंटाळा आला की मग मूडल-डॉकरकडे वळा (डॉकर प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवते). मूडलएचक्यूच्या गिटहब खात्यावरचा हा संच वेब सर्व्हर, डेटाबेस आणि मेल पकडणारी खोटी पेटी एकत्र उभी करतो आणि साइट ८००० पोर्टवर देतो. फक्त काम थांबवताना स्टॉप द्या. डाउन दिलेत तर कंटेनरसोबत डेटाबेसही जातो.